दुकान सोडायच्या आधीची दोन वर्षं : दिवस कसा बसवायचा?

कडीकोयंडा
नमस्कार मंडळी. साताऱ्यात गावभागात हार्डवेअरचं दुकान आहे. वय ५८. साठी झाली की किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची असं घरात ठरलंय. बहुतेक पुतण्या घेईल. नाही घेतलं तर माल संपवून गाळा मालकाला परत. सध्याचा दिवस असा: सकाळी ९ ला शटर वर, दीड ते तीन जेवण, रात्री ९ ला शटर खाली. आठवड्याची एक सुट्टी, त्यातली अर्धी वसुलीत जाते.

नोकरदाराला निवृत्तीची तारीख वरून येते. धंदेवाल्याला ती स्वतःच ठरवावी लागते आणि म्हणूनच ती पुढे पुढे जाते. तसं होऊ नये म्हणून दोन वर्षं आधी विचारतोय.
१) दुकानातले कोणते तास आधी सोडावेत?
२) सुटलेल्या तासांत काय बसवावं? मनात आहे ते असं: अजिंक्यतारा, पेटी शिकणं, वाचन, गच्चीवर थोडी झाडं.
३) कागदपत्रं कोणत्या क्रमाने?
"वेळ कसा जातो कळणारही नाही" असं कृपया सांगू नका. तास, मापं, रुपये सांगा.

पोहरा
दुपारपासून सुरुवात करा. हार्डवेअरमध्ये १ ते ४ गिऱ्हाईक नसतंच. दुपारचं जेवण, वामकुक्षी, वाचन, आणि ४ ला दुकानात. सहा महिन्यांनी रात्रीचा शेवटचा तास सोडा. सगळ्यांत सोपा रस्ता हाच.

मोजपट्टी
पोहरा, सोपा आहे हे खरं, पण उपयोगाचा नाही. रिकामे तास सोडले तर दुकानातलं काहीच सुटत नाही. हार्डवेअरच्या काउंटरवर दोन भरत्या असतात. सकाळी ९ ते ११ प्लंबर, सुतार, गवंडी, म्हणजे रोजचं उधारीचं गिऱ्हाईक. संध्याकाळी साडेपाच ते आठ घरगुती गिऱ्हाईक, ज्याला "नळ गळतोय, काय लागेल?" इथपासून सांगावं लागतं. दुकानाची सगळी विद्या या साडेचार तासांत आहे. कोणत्या मिस्त्रीला किती उधार द्यायचं, पाऊण इंची आणि एक इंचीमध्ये गिऱ्हाईक कुठे गोंधळतं, परत आलेला माल कधी घ्यायचा आणि कधी नाही. पुतण्या दुपारी १ ते ४ बसला तर तो पंखा बघायला शिकेल.

म्हणून भरतीचीच वेळ सोडा, पण आठवड्यातून एक दिवस. पहिले तीन महिने एकच सकाळ, समजा गुरुवार. ९ ते ११ दुकानात पाऊल नाही. पुढचे तीन महिने दोन सकाळी. मग एक संध्याकाळ. दर वेळी आदल्या रात्री गल्ल्यात मोजून ठराविक सुट्टे ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी फक्त तीन गोष्टी बघायच्या: गल्ला जुळला का, उधारी किती लिहिली, "नाही" म्हणून परत गेलेलं गिऱ्हाईक किती. तिसरी गोष्ट वहीत लिहायची सवय पुतण्याला लावा, तीच पुढची खरेदीची यादी होते.

पोहरा
पण भरतीच्या वेळी चूक झाली तर गिऱ्हाईक तुटतं, त्याचं काय?

मोजपट्टी
चुका आत्ता होऊ द्यात. अजून दोन वर्षं काका मागे उभे आहेत, चूक दुरुस्त करता येते. साठीनंतर पहिल्यांदा झालेली चूक निस्तरायला कोणी नसेल. फक्त उधारीची मर्यादा लिहून द्या. प्रत्येक मिस्त्रीच्या नावापुढे एक आकडा, त्यावर गेलं की पुतण्याने "काकांना विचारतो" म्हणायचं. हेच एक वाक्य दोन वर्षांत बंद व्हायला हवं.

खतावणी
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. थोडं लांब आहे, पण क्रम चुकला की पैसे जातात, म्हणून सविस्तर.

पहिली गोष्ट माल. जीएसटी नोंदणी रद्द करताना शिल्लक मालावर खरेदीच्या वेळी भरलेल्या कराची जी वजावट (क्रेडिट) घेतली ती परत भरावी लागते, किंवा त्या मालावर विक्रीचा जो कर बसेल तो, यातलं जे जास्त असेल ते. ८ लाखांचा माल शेल्फात पडून असेल आणि दर १८ टक्के असेल तर १ लाख ४४ हजार रुपये. माल विकला गेलेला नसतो, पण कर भरायचा असतो. बंदच करायचं असेल तर शेवटच्या वर्षात माल उतरवणं हे पहिलं काम.

दुसरी वाट, चालता धंदा पुतण्याकडे देणं. एकट्याच्या मालकीच्या धंद्याची नोंदणी पॅनवर असते, त्यामुळे काकांचा नंबर पुतण्याला मिळत नाही. त्याने आधी स्वतःच्या पॅनवर नोंदणी घ्यायची. मग धंदा हस्तांतराचा लेखी करार, त्यात देणी-घेणी कोणाकडे गेली ते स्पष्ट. मग काकांनी आयटीसी-०२ (वजावट दुसऱ्याकडे देण्याचा फॉर्म) भरायचा, सोबत सीएचा दाखला. त्याने पोर्टलवर तो स्वीकारला की शिल्लक वजावट त्याच्या खात्यात जाते. हे सगळं झाल्यावरच काकांची नोंदणी रद्द. लोक नेमकं उलटं करतात. आधी रद्द करतात आणि मग विचारतात की क्रेडिट कसं द्यायचं. तेव्हा रस्ता बंद झालेला असतो.

रद्द करण्याचा अर्ज आरईजी-१६, धंदा बंद झाल्यापासून ३० दिवसांत. त्यानंतर शेवटचं विवरण जीएसटीआर-१०, रद्द झाल्याची तारीख किंवा आदेशाची तारीख यातली जी नंतरची, तिच्यापासून तीन महिन्यांत. सगळ्यांत जास्त विसरलं जातं ते हेच. अर्ज मंजूर झाला की लोकांना वाटतं संपलं, आणि मग विलंब शुल्काची नोटीस येते.

बाकी छोटी कामं: व्यवसाय कराची नोंदणी बंद करणं (नाहीतर वर्षाचे २,५०० चढत राहतात), गुमास्ता (दुकानाची नोंदणी) बंद झाल्याचं कळवणं, उद्यम नोंदणी रद्द करणं, महावितरणचं व्यापारी कनेक्शन नावावर असेल तर नाव बदलणं आणि अनामत परत मागणं. करंट खातं मात्र सगळ्यांत शेवटी बंद करा. परतावे, अनामती, उशिरा आलेले चेक, सगळं तिथेच येतं.

तारीख निवडताना ३१ मार्च निवडा. मनात दिवाळी पाडवा असतो हे समजतं, वही त्या दिवशी पुजलेली असते. पण वर्षाच्या मध्ये बंद केलं तर एकाच आर्थिक वर्षात अर्धा हिशेब काकांचा आणि अर्धा पुतण्याचा होतो. पाडव्याला वहीची पूजा पुतण्याच्या हातून करा आणि कागद मार्चला करा.

सोंगटी
खतावणी, जुन्या वह्या किती वर्षं ठेवायच्या? माळा भरलाय.

खतावणी
जीएसटीसाठी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. म्हणजे २०२६-२७ ची वार्षिक तारीख ३१ डिसेंबर २०२७, त्यापुढे सहा वर्षं, ३१ डिसेंबर २०३३. एखादं प्रकरण चालू असेल तर त्याहून जास्त.

कृष्णाकाठ
सांगलीकरांसाठी यात एक भर. वह्या तळमजल्यावर किंवा बेसमेंटमध्ये ठेवू नका. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका हे पाठ असलेल्या गावात २००५, २०१९ आणि २०२१ ला किती दुकानांची दप्तरं भिजली ते सगळ्यांना माहीत आहे. बिलं स्कॅन करून पेनड्राइव्हवर आणि ऑनलाइन अशा दोन ठिकाणी. मूळ कागद पहिल्या मजल्याच्या वर, झाकणाच्या प्लास्टिक पेटीत. थर्मल प्रिंटरच्या पावत्यांची आधी झेरॉक्स काढा, त्या दोन वर्षांत आपोआप पुसट होतात.

पावशेर
हार्डवेअरच्या मालाबद्दल. सगळा पडीक माल सारखा नसतो. आधी नासणारा काढा: सिमेंट (तीन महिन्यांनंतर ताकद उतरत जाते, गाठी झाल्या तर विकूच नका), पीव्हीसीचं सोल्युशन (घट्ट होतं), रबरी वॉशर आणि ओ-रिंग (कडक होतात, मग नळ बसवून आठ दिवसांत गळतो आणि नाव दुकानाचं जातं), रंग आणि पुट्टी (डब्यावरची तारीख बघा). यातला मुदतीतला माल कंपनीच्या माणसाला आत्ताच परत घ्यायला सांगा. दुकान चालू असताना तो ऐकतो, बंद होतंय हे कळल्यावर ऐकत नाही.

मग पितळ. जुन्या घडणीच्या कड्या, मुठी, नळ हे मोडीच्या वजनाने देऊ नका. जुने वाडे दुरुस्त करणारे सुतार जुन्या मापाची कडी आणि बिजागरी शोधत असतात. एका फळीवर मापासकट मांडा आणि सुतारांना सांगा.

खिळे, स्क्रू, नटबोल्ट हे नासत नाहीत, ते शेवटी एकगठ्ठा दुसऱ्या दुकानदाराला. फक्त पेट्या मिसळू देऊ नका. मिसळलेल्या स्क्रूची किंमत भंगाराची होते.

सोंगटी
आणि उधारी?

पावशेर
शेवटचे बारा महिने नवी उधारी नाही, दुकानात पाटी लावून. जुन्या उधारीला कायद्याची मुदत तीन वर्षांची असते, आणि मुदत संपायच्या आत गिऱ्हाइकाने लेखी कबुली दिली किंवा थोडे पैसे भरून त्याची सहीनिशी नोंद झाली तर ती तिथून पुन्हा तीन वर्षं. म्हणून या दिवाळीला प्रत्येक मोठ्या खात्यावर "आजची बाकी इतकी, मान्य" अशी तारीख घालून सही घ्या. सही मागितली की निम्मे लोक पैसेच देतात. पुतण्याकडे धंदा देताना उधारी द्यायची असेल तर वर खतावणींनी सांगितलेल्या करारात नावनिशी यादी जोडा. नाहीतर मिस्त्री काकांना सांगतो पुतण्याला दिले आणि पुतण्याला सांगतो काकांना दिले.

माजघर
सगळे दुकानाचं बोलताय, जरा घराचंही बोलूया.

काका, तुम्ही तीस वर्षं दुपारी दीड तास आणि रात्री ९ नंतर घरी असता. त्या हिशेबाने घरानेही आपलं वेळापत्रक बसवलंय. अकरा ते एक हा घरातल्या बाईचा स्वतःचा वेळ असतो. भजनी मंडळ, भिशी, फोन, निवांत पेपर. गुरुवारी सकाळी सुट्टी घेतली आणि नऊपासून "चहा टाक, आता काय करू" सुरू केलं तर तुमची सुट्टी म्हणजे तिचं वाढीव काम. सुट्टीचा पहिला दिवस ठरवण्याआधी काकूंना विचारा की आठवड्यातला कोणता वार त्यांना चालेल. बदल्यात दोन कामं कायमची स्वतःकडे घ्या, मदत म्हणून नाही, जबाबदारी म्हणून. दळण, भाजी, गॅस, वीजबिल, दवाखान्याच्या फायली, यातली कोणतीही. आणि एक वेळचा स्वयंपाक आठवड्यातून एकदा पूर्ण, म्हणजे ओटा पुसण्यापर्यंत.

आणखी एक. बँक, पोस्ट, विमा, लॉकर, सगळीकडे वारस नोंद आहे का ते एका सुट्टीत बसून दोघांनी बघा. करंट खात्यावर वारस लावायचा बहुतेकांचा राहून गेलेला असतो.

कडीकोयंडा
माजघर ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. विचारलं. गुरुवार चालणार नाही, भजन असतं घरी. बुधवार ठरला.

भडंग
एक वेळचा स्वयंपाक निघालाच आहे तर सुरुवातीला सोपं आणि टिकणारं काहीतरी करा. भडंग. सांगलीचा माणूस दुसरं काय सुचवणार.

भडंगाचे जाड चुरमुरे अर्धा किलो. आधी मोठ्या कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटं कोरडे गरम करा. हाताने चुरगाळले की कुरकुर वाजले पाहिजेत. हे टाळलं की भडंग दुसऱ्या दिवशी मऊ पडतं, मग तेलाला दोष देतात. शेंगदाणे २०० ग्रॅम, तेल साधारण पाऊण वाटी, लसूण २५ पाकळ्या सालासकट ठेचून, कढीपत्ता दोन मुठी धुऊन पूर्ण कोरडा केलेला. तेलात आधी दाणे खमंग तळून काढा. मग कढीपत्ता, मग लसूण कडेने लाल होईपर्यंत. आता गॅस बंद. एक मिनिट थांबा आणि मग हळद अर्धा चमचा, कांदा-लसूण मसाला दोन मोठे चमचे, लाल तिखट आवडीने. चालू गॅसवर मसाला टाकला की जळतो आणि सगळं कडू होतं. मीठ आणि साखर मिक्सरमधून पीठ करून घ्या, नाहीतर ते खाली बसतं. चुरमुरे घालून दोन पसरट चमच्यांनी खालून वर हलवा. पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद.

सोंगटी
कढीपत्ता ओला राहिला की मऊ पडतं हेही लिहायला हवं होतं.

भडंग
"पूर्ण कोरडा" त्यासाठीच लिहिलंय :)

चारभिंती
अजिंक्यताऱ्याबद्दल. गड समुद्रसपाटीपासून साधारण ३,३०० फूट आहे, पण सातारा स्वतःच उंचावर असल्यामुळे प्रत्यक्ष चढ त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच. पायवाट आणि डांबरी रस्ता असे दोन्ही पर्याय आहेत. बारा तास काउंटरमागे उभं राहिलेल्या माणसाचे पाय दणकट असतात असा समज आहे. तो अर्धाच खरा. पोटऱ्या आणि टाचा ताठ झालेल्या असतात, मांडीचे पुढचे स्नायू मात्र कमजोर. चढताना दम लागतो म्हणून लोक चढाला घाबरतात, गुडघा मात्र उतरताना दुखावतो.

पहिले चार आठवडे फक्त चार भिंतीपर्यंत (चढावरचं हुतात्मा स्मारक) आणि परत. मग अर्धा रस्ता. आठव्या-नवव्या आठवड्यात दरवाजा. चढायला पायवाट घ्या, उतरायला डांबरी रस्ता. उतरताना पावलं छोटी, गुडघा किंचित वाकलेला, टाच आपटायची नाही. हातात काठी, उतरताना ती आधी खाली टेकवायची आणि मग पाय. बुटाला अंगठ्यापुढे अर्धा इंच जागा, नाहीतर उतरताना नख काळं होतं. घरी भिंतीला पाठ लावून अर्धं बसणं, २० सेकंद, पाच वेळा, रोज. जून ते सप्टेंबर पायवाटेच्या दगडांवर शेवाळ असतं, तेव्हा जाता-येता रस्ताच. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशी चढू नका, खिशात साखर ठेवा. छातीवर दाब किंवा डाव्या हातात कळ आली तर लगेच थांबायचं आणि फोन करायचा.

आणि बुधवार मिळाला हे फार चांगलं झालं. दुकानदाराला आयुष्यात न मिळालेली गोष्ट म्हणजे आठवड्याचा मधला वार. कासला फुलांच्या हंगामात रविवारी गाड्यांची रांग असते. बुधवारी सकाळी आठला पोचलात तर पठार निवांत मिळतं. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात, ऑनलाइन नोंदणी करून. फुलांचे रंग आठवड्या-आठवड्याला बदलतात, म्हणून एकदाच जाण्यापेक्षा तीन बुधवार जा.

कृष्णाकाठ
आमच्याकडे सपाटी. सांगलीत सकाळी आमराई, गुडघ्याला त्रास नाही. नदीत पोहायची हौस असेल तर नेहमीच्या, माणसं असलेल्या घाटावर आणि पूर्ण उजाडल्यावरच. कृष्णेत मगरी आहेत, विशेषतः निवांत काठाला.

काळी_दोन
पेटीचं मी सांगतो, मिरजेहून.

पहिली पेटी विकत घेऊ नका, तीन महिने भाड्याने घ्या. घ्याल तेव्हा दोन सुरी, खर्ज आणि नर, साडेतीन सप्तकं. डबल भाता, कपलर वगैरे शिकणाऱ्याला लागत नाही, वजन मात्र वाढतं.

बघायची कशी? भाता पूर्ण भरा, एकही पट्टी दाबू नका आणि हात सोडा. भाता सावकाश खाली आला पाहिजे. चार-पाच सेकंदांत बसला तर हवा गळतेय. पट्टी न दाबता एखादा सूर गुणगुणत असेल तर त्या पट्टीखालची झडप नीट बसत नाही, चामडं कडक झालंय किंवा कचरा आहे. मग एकेक पट्टी अगदी हलक्या दाबाने वाजवा, नंतर जोरात. हलक्या दाबाला जो सूर उशिरा बोलतो तो लक्षात ठेवा आणि दुकानदाराला तिथेच दाखवा.

सूर अचानक मुका झाला तर बहुतेक वेळा पितळी जिभेखाली धूळ अडकलेली असते. पातळ कागदाची कड जिभेखालून हळूच सरकवा, झालं. जीभ वाकवायची नाही. सुरेल करण्यासाठी घासणं तर अजिबात नाही. टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, आणि केसभर जास्त झालं की सूर गेला. ते काम कारागिराचं. मिरजेत ती विद्या आहे, सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते उगीच नाही.

सराव रोज २० मिनिटं. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा हे बरं, कारण बोटांची सवय रोजच्या थोड्या सरावाने लागते. पहिला महिना फक्त अलंकार (सुरांचे ठरलेले क्रम), ठाय म्हणजे संथ लयीत, तोंडाने सरगम म्हणत. डाव्या हाताने भाता एकसारखा, धक्के न देता. नवशिक्याचा भाता प्रत्येक सुराला हलतो, तो आधी सुटला पाहिजे. साधारण पुरुषी आवाजाला 'सा' म्हणून काळी एक किंवा काळी दोन पट्टी सोयीची, पण गळा बघून ठरवा. ध्येय हवं असेल तर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेला वयाची अडचण नाही.

आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला जो संगीत महोत्सव होतो, तो एकदा पूर्ण रात्र ऐका. दुकान असताना दुसऱ्या दिवशीच्या नऊच्या शटरमुळे जमत नाही, आता जमेल.

हळकुंड
गच्चीसाठी हळद लावा. आपल्या भागातलं पीक आहे, नऊ महिने चालतं आणि रोज अर्ध्या तासाहून जास्त मागत नाही.

आधी गच्चीचं वजन. ४० लिटरची पिशवी ओल्या मातीने भरली की ६० किलोच्या पुढे जाते. वीस पिशव्या म्हणजे सव्वा टन. त्या स्लॅबच्या मधोमध नको, कडेने, खाली भिंत किंवा तुळई आहे तिथे. पिशवीखाली दोन विटा म्हणजे पाणी निघून जातं आणि ओल धरत नाही.

मिश्रण: दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट. काळी माती असेल तर कोकोपीटऐवजी जाड वाळू. सेलम जातीचा गड्डा किंवा दोन-तीन डोळ्यांचं जाड हळकुंड, ३० ते ४० ग्रॅमचं, दोन इंच खोल, डोळा वर. एका पिशवीत दोन. अक्षय तृतीयेपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत लावा. उगवायला तीन-चार आठवडे लागतात. या काळात लोक "आलं नाही" म्हणून उकरून बघतात आणि कोंब मोडतात. थांबा.

अडीच-तीन महिन्यांनी भर द्या, म्हणजे वरून तीन इंच माती आणि खत. उघडे पडलेले कंद हिरवे होतात आणि पोसत नाहीत. मोठा धोका कंदकूज. पान कडेने पिवळं, बुंधा हाताने ओढला की सहज निघून येतो आणि वास मारतो. कारण एकच, पाणी साचणं. लावतानाच ट्रायकोडर्मा (कूज रोखणारी उपयोगी बुरशी) शेणखतात मिसळा आणि पावसाळ्यात पिशवीची भोकं काडीने मोकळी करत राहा.

जानेवारी-फेब्रुवारीत पानं वाळली की पाणी तोडा आणि पंधरा दिवसांनी काढा. शिजवताना कंद बुडेल इतकं पाणी, ४५ मिनिटं ते तास. फेस येऊन वास सुटला आणि काडी सहज आत गेली की झालं. कमी शिजलं तर आतून वाळत नाही, जास्त शिजलं तर रंग उतरतो. उन्हात १० ते १५ दिवस. मोडताना खट्ट असा आवाज आला पाहिजे. पाच किलो ओल्याची जेमतेम किलोभर होते. मिक्सरला आख्खं हळकुंड घालू नका, पातं तुटतं. आधी खलबत्त्यात फोडा.

पोहरा
हे सगळं झालं, पण पैसे? ज्येष्ठ नागरिक बचत योजना ५५ ला मिळते ना? मग काका आत्ताच का टाकत नाहीत?

खतावणी
५५ ते ६० ची सवलत नोकरीतून निवृत्त झालेल्यांना आहे, निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत. धंदेवाल्याला ६० पूर्ण व्हावी लागतात. मर्यादा माणशी ३० लाख, मुदत पाच वर्षं, व्याज दर तीन महिन्यांनी. ८.२ टक्के धरले तर ३० लाखांवर तिमाहीला ६१,५००. तिमाही व्याज घरखर्चाला लावताना अडचण अशी होते की पहिल्या महिन्यात पैसा असतो आणि तिसऱ्यात नसतो. दुकानाच्या रोजच्या गल्ल्याची सवय असलेल्याला हे फार जाणवतं. म्हणून त्यातला भाग पोस्टाच्या मासिक योजनेत ठेवा, एका नावावर ९ लाख, संयुक्त १५ लाखांपर्यंत. किंवा दर महिन्याच्या १ तारखेला एका खात्यातून दुसऱ्यात ठराविक "पगार" वळता करा. शेवटच्या वर्षातच हे सुरू करा: गल्ल्यातून उचल बंद, महिन्याला एक आकडा, त्यातच घर. मग किती लागतं ते खरं कळेल. धंदेवाल्याच्या घरखर्चातला बराचसा भाग, फोन, पेट्रोल, चहा, दुकानाच्या खात्यात लपलेला असतो.

अग्रिम कराचंही एक. साठीनंतर धंद्याचं उत्पन्न नसेल तर अग्रिम कर भरावा लागत नाही. पण दुकान बंद केलं त्या वर्षात धंद्याचं उत्पन्न असतं, त्या वर्षी सूट नाही.

माजघर
आणि आरोग्य विमा साठीपर्यंत थांबवू नका. आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं. आत्ता ५८ ला घेतला तर ६१ ला सगळं लागू. रक्तदाब, साखर जे असेल ते अर्जात लिहा. लपवलं तर नेमका गरजेच्या वेळी दावा अडतो. सत्तरीनंतर आयुष्मान वय वंदना या सरकारी योजनेचं पाच लाखांचं कवच आहे, पण मधली वर्षं आपली आपण.

सोंगटी
संध्याकाळसाठी बुद्धिबळ. सांगलीला त्याची जुनी परंपरा आहे, भाग्यश्री साठे-ठिपसे इथल्याच. साठीला शिकणाऱ्याने ओपनिंग पाठ करू नयेत. राजा-प्यादं विरुद्ध राजा, राजा-हत्ती विरुद्ध राजा, ही शेवटची मांडणी आधी. पटावर कमी सोंगट्या असल्या की कोणती काय करते ते दिसतं. मग रोज पाच कोडी.

मोजपट्टी
एक राहिलं, फोन. दुकानाच्या पाटीवर, बिलावर, मिस्त्रींच्या मोबाइलमध्ये काकांचा वैयक्तिक नंबर असणार. तो तसाच राहिला तर अजिंक्यताऱ्यावरही "काका, दीड इंची एल्बो आहे का?" येत राहील. आत्ताच दुकानासाठी वेगळं सिम घ्या, बिलावर तोच छापा, दोन वर्षांत लोकांच्या अंगवळणी पडेल. यूपीआयचा क्यूआर कोणत्या खात्याला जोडलाय तेही बघा. धंदा पुतण्याचा आणि पैसे काकांच्या खात्यात, असं महिनोन्‌महिने चालतं आणि मग खतावणींकडे धावावं लागतं.

कडीकोयंडा
सगळ्यांचं वाचून असं बसवलंय, चूक असेल तिथे सांगा.
बुधवारची सकाळ, ९ ते ११, पुतण्या एकटा. उधारीच्या मर्यादांची यादी काउंटरच्या आत चिकटवली. त्या वेळेत चार भिंती, येताना भाजी आणि दळण. रोज रात्री साडेनऊला पेटी, २० मिनिटं. अक्षय तृतीयेला सहाच पिशव्या. रंग आणि सोल्युशनच्या डब्यांच्या तारखा या आठवड्यात बघतो. नवं सिम घेतलं. तीन महिन्यांनी दुसरा वार सोडेन.

काळी_दोन, भाड्याची पेटी आणली. मधल्या सप्तकातला कोमल रे दाबला की वर येत नाही, बोटाने उचलावा लागतो. आठ दिवस झड लागलीय. परत करू की दुरुस्त होईल?

काळी_दोन
परत करू नका. लाकूड फुगून पट्टी शेजारच्या पट्टीला घासतेय. दोन पट्ट्यांच्या मध्ये पोस्टकार्ड उभं घालून हलकेच चार वेळा वर-खाली फिरवा. कार्ड सहज फिरलं तर अडचण फुगण्याची नाही, मग त्या पट्टीची स्प्रिंग ढिली झाली असेल, ते काम कारागिराचं. कार्ड अडकलं तर सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या पेटीत ठेवून झाकण लावा आणि दोन दिवस वाट बघा. पट्टी पॉलिश पेपरने घासू नका. पाऊस संपला की लाकूड परत आटतं, आणि घासलेली जागा कायमची खुळखुळत राहते. तोवर अलंकार शुद्ध सुरांचेच आहेत, कोमल रे लागणार नाही.